आजारातून रियाजाकडे : तरुण गायक-वादकांसाठी

कर्करोग, हृदयविकार, क्षय किंवा मज्जासंस्थेचा एखादा आजार ऐन शिकण्याच्या वयात समोर उभा ठाकला, की घरातल्या सगळ्यांना जीव वाचण्याची काळजी लागते आणि ते रास्तच आहे. अशा वेळी गाण्या-वाजवण्याचा विषय काढणेही अनेकांना संकोचाचे वाटते. तरीही गायक-वादकाने तो विषय उपचार सुरू होण्यापूर्वीच काढला पाहिजे, कारण पुढे ज्यांवर गळा, कान, बोटे आणि दम अवलंबून राहणार असतो असे बरेचसे निर्णय पहिल्या काही दिवसांतच घेतले जातात : औषध कोणते द्यायचे, नळी कोठे बसवायची, भूल कशी द्यायची. रुग्णालयाच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात ‘विद्यार्थी’ एवढेच लिहिलेले असेल, तर या मुलीचा डावा हात दिवसातले काही तास व्हायोलिनच्या तारांवर असतो, हे डॉक्टरांना कळावे तरी कसे?

एक पान लिहून द्या

डॉक्टरांच्या भेटीत वेळ कमी असतो आणि मन थाऱ्यावर नसते, म्हणून सांगायचे ते आधीच एका पानावर लिहून न्यावे आणि ते पान आपल्या फायलीला जोडण्याची विनंती करावी. त्यात आपण काय गातो किंवा वाजवतो, रोज किती वेळ, कोणता हात कोणते काम करतो, वाद्य शरीराला कोठे टेकते, त्याचा पट्टा कोणत्या खांद्यावरून जातो, जमिनीवर मांडी घालून बसावे लागते की खुर्चीवर, फुंकेचा जोर किती लागतो, या गोष्टी साध्या शब्दांत असाव्यात. त्याखाली तीन प्रश्न लिहावेत. या उपचाराचा कान, बोटांच्या नसा, फुप्फुसे किंवा स्वरयंत्र यांवर परिणाम होतो का? होत असल्यास तितकाच गुणकारी दुसरा पर्याय आहे का? आणि पर्याय नसल्यास परिणाम लवकर लक्षात यावा म्हणून कोणत्या चाचण्या, कधी कराव्यात?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असेच येते. ते आले तर ते स्वीकारावे. गळा किंवा बोटे जपण्यासाठी गुणकारी उपचार नाकारावा, असे मी कोणालाही सुचवणार नाही. मात्र होणारा परिणाम आरंभीच टिपला गेला, तर मात्रा कमी करणे, दोन मात्रांमधले अंतर वाढवणे किंवा पूरक उपचार देणे हे मार्ग डॉक्टरांसमोर खुले राहतात. रुग्ण सोसत राहिला आणि बोलला नाही, तर ते मार्ग बंद होतात.

याच दिवसांत, अंगात शक्ती असताना, दहा-पंधरा मिनिटांचे एक ध्वनिमुद्रण आणि हातांचे चित्रीकरण करून ठेवावे. त्यात नेहमीचे सोपे काही असावे : आरोह-अवरोह, एक संथ चीज (बंदिश), एक द्रुत चीज. काही महिन्यांनी आपला हात किंवा आवाज नेमका कोठे बदलला आहे, हे आठवणीपेक्षा या मुद्रणातून खात्रीने कळते, आणि ते वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट यांनाही दाखवता येते.

कान

कर्करोगावरील सिसप्लाटिन हे औषध आणि गंभीर जंतुसंसर्गावर दिली जाणारी अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके आतल्या कानातील सूक्ष्म संवेदी पेशींना इजा करू शकतात. या पेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून ही हानी बहुधा कायमची असते. ती उंच कंपनसंख्येपासून सुरू होते आणि हळूहळू खाली येते. त्यामुळे घरातले संभाषण नीट ऐकू येत असतानाही तंबोऱ्याच्या झंकारातील वरचे स्वर, झांजेची किणकिण किंवा तारेवर गज पडतानाची खरखर हरवलेली असू शकते. गायक-वादकाला हा फरक इतरांच्या आधी जाणवतो. ‘वाद्य मंद वाटते’ असे मनात आले, तर दोष वाद्याच्या माथी मारण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

पहिल्या मात्रेपूर्वी श्रवणचाचणी करून घ्यावी आणि उपचार सुरू असताना ती ठरावीक अंतराने पुन्हा करावी. नेहमीची चाचणी २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंत होते. त्यापलीकडच्या उंच कंपनसंख्यांची वेगळी चाचणी जेथे उपलब्ध असेल तेथे ती आवर्जून मागावी, कारण हानी आधी तेथेच दिसते. शरीरात इतरत्र न पसरलेल्या घन गाठींसाठी सिसप्लाटिन घेणाऱ्या लहान मुलांचे कान वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. ते प्रत्येकाला लागू पडत नाही. पण आपल्या मुलासाठी त्याचा विचार होऊ शकतो का, असे पालकांनी जरूर विचारावे. या काळात इअरफोनचा आवाज कमी ठेवावा आणि मोठ्या ध्वनिक्षेपकांजवळ बसणे टाळावे. पुढे श्रवणयंत्र लागलेच, तर त्यात संगीतासाठी वेगळा कार्यक्रम बसवून घ्यावा. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून यंत्र जो गोंगाट कापते, त्याबरोबर लांब टिकणारे सूरही कापले जातात, आणि शिट्टी रोखणारी यंत्रणा बासरीच्या सुरालाच शिट्टी समजू शकते.

बोटे आणि हात

व्हिन्क्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लाटिन ही कर्करोगावरील औषधे हातापायांच्या टोकांच्या नसांवर परिणाम करतात. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो, कधी शर्टाचे बटण लावणे अवघड जाते. ऑक्झॅलिप्लाटिन घेणाऱ्यांना थंड वस्तूच्या स्पर्शाने झिणझिण्या येतात, त्यामुळे गार खोलीतले धातूचे वाद्य थेट हातात घेऊ नये. सिसप्लाटिन, ऑक्झॅलिप्लाटिन यांसारख्या प्लॅटिनमयुक्त औषधांचा नसांवरील परिणाम उपचार संपल्यानंतरही काही महिने वाढू शकतो, हे ठाऊक नसलेली मुले ‘औषध थांबले तरी हात बिघडतोच आहे’ म्हणून घाबरून जातात. सुधारणा पुष्कळांत होते. परंतु नसेची वाढ दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास होत असल्याने तिला महिने लागतात, आणि काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा राहून जातो.

तंतुवाद्य वाजवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. बोटाला तार नीट जाणवेनाशी झाली की बोट आपोआप गरजेपेक्षा जास्त दाबते. वाजवून झाल्यावर दिव्याखाली बोटांची टोके पाहावीत : तारेची खूण पूर्वीपेक्षा खोल असेल, बोट पांढरे पडून पुन्हा लाल होण्यास वेळ लागत असेल, किंवा अंगठ्याच्या मुळाशी ठणका असेल, तर दाब वाढला आहे. अशा वेळी तार इतकी हलकी दाबावी की स्वर खरखरेल, आणि मग स्वर स्वच्छ होईपर्यंतच दाब वाढवावा. हा व्यायाम रोज दोन-तीन मिनिटे पुरतो. बोटांवरचे घट्टे काही आठवड्यांच्या खंडाने मऊ पडतात. रक्तातील पांढऱ्या पेशी (जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या) किंवा प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या) कमी असताना त्या मऊ त्वचेला चीर पडणे साधी गोष्ट नसते, म्हणून घट्टे पुन्हा तयार करण्याची घाई रक्ताचा अहवाल सुधारल्यानंतरच करावी.

सलाईनची सुई शक्यतो मनगटाच्या किंवा कोपराच्या सांध्यावर नको, आणि नाजूक काम करणाऱ्या हाताला नको, असे परिचारिकेला आधीच सांगावे. सहसा ते मान्य होते. छातीत कॉलरबोनखाली ‘पोर्ट’ (शिरेतून औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) बसवायचा असेल, तर व्हायोलिन टेकते ती बाजू किंवा गिटारचा पट्टा जातो ती बाजू शल्यचिकित्सकाला प्रत्यक्ष दाखवावी, शक्य असल्यास वाद्य हातात घेतलेले छायाचित्र न्यावे. टाके पडल्यानंतर ही जागा बदलता येत नाही.

स्टिरॉइड दीर्घकाळ घेतल्याने मांड्या आणि खांद्यांचे स्नायू दुबळे होतात. तबला किंवा सतार घेऊन जमिनीवर बसता येते, पण उठता येत नाही, असे होऊ लागले तर वाद्य चौरंगावर घेऊन खुर्चीवर बसावे. त्यात कमीपणा नाही. मात्र स्टिरॉइड घेणाऱ्या किशोरवयीन रुग्णाच्या कंबरेत, जांघेत किंवा गुडघ्यात वेदना सुरू झाली, तर ती बसण्याच्या सवयीवर ढकलू नये. हाडाचा रक्तपुरवठा कमी होण्याची शक्यता तपासून घ्यावी लागते.

गळा आणि दम

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल देताना बहुधा श्वासनलिकेत नळी घातली जाते आणि ती स्वरतंतूंच्या मधूनच जाते. गायकाने भूलतज्ज्ञाला स्वतः भेटून आपण गातो हे सांगावे. त्यामुळे शक्य तेथे बारीक नळी वापरणे, स्वरयंत्राच्या वर बसणारा मास्क वापरणे किंवा शरीराच्या एका भागापुरती भूल देणे, यांचा विचार होऊ शकतो. थायरॉइडची शस्त्रक्रिया असेल तर आधी स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. त्या ग्रंथीलगतची एक नस स्वरतंतू हलवते आणि दुसरी उंच स्वरांसाठी त्यांना ताण देते. दुसरीला इजा झाली तर बोलणे ठीक राहते, पण तार सप्तकात आवाज चढत नाही आणि इतरांना त्याचा पत्ताही लागत नाही.

नळी काढल्यानंतर काही दिवस घोगरेपणा राहतो. तो दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून वाट पाहू नये, कान-नाक-घसातज्ज्ञांकडे जावे. या काळात हळू पण आपल्या नैसर्गिक आवाजात बोलावे. जोर लावून कुजबुजणे आणि वारंवार खाकरणे, दोन्हींनी स्वरतंतूंना त्रास होतो. केमोथेरपीत तोंड आले असेल किंवा सतत उलट्या होत असतील, तेव्हा गाणे बंद ठेवावे, कारण पोटातील आम्लाने स्वरयंत्र आधीच सुजलेले असते.

फुंकवाद्य वाजवणाऱ्यांनी आणखी सांभाळावे. उरोस्थी (छातीचे मधले हाड) कापून केलेल्या हृदयशस्त्रक्रियेनंतर ते हाड जुळण्यास साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर जोराची फुंक टाक्यांवर ताण आणते. प्लेटलेट खूप कमी असताना जोर लावून फुंकणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून कोणत्या आकड्याखाली वाजवू नये हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ब्लिओमायसिन हे कर्करोगावरील औषध फुप्फुसांना इजा करू शकते, म्हणून ते घेतलेल्यांनी कोरडा खोकला किंवा नवी धाप लगेच कळवावी. पांढऱ्या पेशी कमी असताना आपली बासरी किंवा वाद्याचे मुखाग्र कोणालाही देऊ नये, कोणाचे घेऊ नये, आणि प्रत्येक वेळी ते स्वच्छ करून कोरडे ठेवावे. केमोथेरपी सुरू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसला पोहोचला तर रियाज, कार्यक्रम, परीक्षा सगळे बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

अंथरुणातला रियाज

पंडित कुमार गंधर्व यांना पंचविशीही उलटली नसताना क्षयाने गाठले. १९४८ साली ते हवापालटासाठी माळव्यातील देवासला राहण्यास गेले. गाण्यास डॉक्टरांची मनाई होती, आणि क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा उपचार मिळेपर्यंतची वर्षे बरीचशी अंथरुणात गेली. त्या वर्षांत कानावर पडणारी माळव्याची लोकगीते ते ऐकत राहिले, त्यांच्या धुनांचा विचार करत राहिले, आणि पुढे त्यांच्या धुनउगम (लोकधुनांतून उगम पावलेल्या) रागांना त्यातूनच आधार मिळाला. १९५३च्या सुमारास ते मैफलीत परतले तेव्हा एक फुप्फुस निकामी झाले होते. त्यांच्या नंतरच्या गाण्यातील छोटे, ठाशीव स्वरसमूह या मर्यादेशी जोडून पाहणारे जाणकार पुष्कळ आहेत. प्रत्येक रुग्णाकडून अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे होईल. पण गळा बंद असतानाही संगीताचे काम चालू राहू शकते, याचा याहून ठसठशीत दाखला मला माहीत नाही.

मेंदूच्या अभ्यासातूनही याला पुष्टी मिळते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पियानोवरील पाच बोटांचा एक पाठ काहींनी पाच दिवस प्रत्यक्ष वाजवला आणि काहींनी तितकाच वेळ केवळ मनात वाजवला. मनात वाजवणाऱ्यांच्याही मेंदूतील बोटांच्या हालचालींचे क्षेत्र विस्तारले, आणि नंतर थोड्याशा प्रत्यक्ष सरावाने ते इतरांच्या जवळ पोहोचले.

मनातला रियाज करायचा तो असा. दिवसातली बऱ्यापैकी बरे वाटण्याची वेळ निवडावी आणि दहा मिनिटांहून अधिक ठरवू नये. डोळे मिटून एकच छोटी चीज किंवा तबल्याचा एकच कायदा (ठरावीक बोलरचना) घ्यावा. आधी तो कानात ऐकावा, मग प्रत्येक स्वराला किंवा बोलाला कोणते बोट कोठे जाते ते पाहावे, मग लयीत सलग चालवावा. जेथे चित्र धूसर होते तेथे थांबून पुन्हा पाहावे. प्रत्यक्षातही हात तेथेच अडखळत असतो. हात उचलवत असतील तर पांघरुणावर बोटे अगदी अलगद चालवावीत. ज्या दिवशी मळमळ किंवा वेदना असेल त्या दिवशी फक्त ऐकावे, आणि ऐकणेही नकोसे झाले तर तेही सोडावे. उपचाराच्या दिवशी अतिशय आवडीचे संगीत लावू नये, असे मला वाटते. मळमळीची आठवण त्या सुरांना चिकटून बसू शकते.

परतण्याचा क्रम

अंथरुणावर पडून राहिल्याने स्नायू झपाट्याने घटतात, आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांना तर वाद्य मांडीवर धरून ठेवणे हेही कष्टाचे वाटते. म्हणून परतण्याची मोजणी तासांत करू नये, मिनिटांत करावी. डॉक्टरांची परवानगी मिळाली की एका वेळी पाच मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा, मध्ये पूर्ण विश्रांती, इतक्यावर सुरुवात पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी वेदना, थकवा किंवा बधिरपणा वाढलेला नसेल, तरच काही दिवसांनी एखादे मिनिट वाढवावे. वाढलेला असेल तर आदल्या टप्प्यावर परतावे. त्या दिवसाचा उत्साह फसवा असतो. दुसऱ्या दिवशीची सकाळ खरे सांगते. काही विषाणूजन्य आजारांनंतर तर श्रमाचा फटका एक-दोन दिवसांनी बसतो, आणि अशा रुग्णांनी नेटाने वाढवत जाण्याचा प्रयत्नच करू नये. शक्तीच्या मर्यादेत राहणे हाच त्यांचा उपचार असतो.

आधी नाद, मग लय, मग लांबी, आणि सर्वांत शेवटी वेग व जोर, असा क्रम ठेवावा. गायकांनी मध्य सप्तकात, बंद ओठांनी गुणगुणण्यापासून किंवा पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून हलका सूर सोडण्यापासून आरंभ करावा. यात स्वरतंतूंवर ताण कमी पडतो. नवीन चिजा या काळात घेऊ नयेत, कारण केमोथेरपीनंतर अनेकांची एकाग्रता आणि स्मरण काही काळ मंदावते. समोर वही ठेवून गाण्याची लाज वाटू देऊ नये.

रियाजाची रोजनिशी ठेवताना तीनच गोष्टी लिहाव्यात : किती मिनिटे, काय घेतले, दुसऱ्या दिवशी कसे वाटले. पूर्वीच्या मुद्रणाशी तुलना रोज करू नये, महिन्यातून एकदा करावी.

पहिल्या कार्यक्रमाची तारीख आधी ठरवून शरीराला तिच्यामागे पळवणे टाळावे. घरी सलग अर्धा तास थकवा न येता होऊ लागला, की पंधरा-वीस मिनिटांचा सहभाग स्वीकारावा, आयोजकांना स्थिती मोकळेपणाने सांगावी आणि ऐनवेळी जागा घेणारा सहकारी ठरवून ठेवावा. आजाराची जाहीर वाच्यता करायची की नाही, हा निर्णय सर्वस्वी कलावंताचा आहे. निवेदकाने तो परस्पर घेऊ नये.

आई-वडील आणि गुरूंसाठी

‘पुन्हा कधी सुरू करणार?’ हा प्रश्न विचारू नये. वाद्य मुलाला न विचारता दृष्टीआड ठेवू नये, आणि उमेद वाढावी म्हणून अंथरुणाशेजारीही आणून ठेवू नये; ‘कुठे ठेवू?’ असे त्यालाच विचारावे. गुरूंनी भेटीला जाताना शिकवण्याचा आग्रह न धरता एखादे जुने मुद्रण सोबत ऐकावे. मूल परत गाऊ लागले की कौतुक खरे असावे : सूर लागला नसेल तर लागला म्हणू नये. आपल्याला आता सगळे सवलत देतात, हे तरुण कलावंताला फार लवकर कळते आणि ते आजाराइतकेच बोचते. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप-जेवण सुटले किंवा जगण्याबद्दल निराशेचे बोलणे निघाले, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत त्याच दिवशी घ्यावी.

सगळे परत येतेच असे नाही, हे घरातल्या मोठ्यांनी मनात धरून असावे. चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे यांना १९७३ साली, वयाच्या २८व्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचे निदान झाले आणि त्यांचे वादन थांबले; त्यानंतर त्या शिकवत राहिल्या. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात निकामी झाला, तेव्हा त्यांनी डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या, वाद्यवृंदाचे संचालन केले, शिकवले, आणि तीसएक वर्षांनी ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. ही नावे मुलाला धीर देण्यासाठी पहिल्या महिन्यात सांगू नयेत. तो स्वतः ‘नाही जमले तर?’ असे विचारेल, त्या दिवशी सांगावीत.

उपचार संपल्यावर

रुग्णालयातून निघताना उपचारांचा लेखी सारांश मागून घ्यावा. त्यात औषधांची नावे, प्रत्येकाची एकूण मात्रा, किरणोपचार कोठे आणि किती, शस्त्रक्रिया कोणती, हे सगळे असावे, आणि त्याची एक प्रत कायम जवळ ठेवावी. सिसप्लाटिनचा कानावरील परिणाम काहींमध्ये उपचारानंतर वर्षांनी दिसतो, म्हणून श्रवणचाचणी पुढेही करत राहावी लागते. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध घेतलेल्यांना हृदयाची तपासणी ठरावीक अंतराने लागते. ब्लिओमायसिन घेतलेल्या व्यक्तीला पुढे कधी पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर प्राणवायूचे प्रमाण बेतून द्यावे लागू शकते, म्हणून दहा वर्षांनी भेटणाऱ्या भूलतज्ज्ञालाही तो कागद दाखवावा, आणि आपण गातो किंवा वाजवतो हे त्याच कागदावर पहिल्या ओळीत लिहून ठेवावे.